मण्यांचा झगा आणि मोठी आत्या

गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. तिचं लग्न ठरलंय, हे नातेवाईक मंडळींना ठाऊकच आहे. बाकीच्यांना आत्ता कळलं असं समजा!

"आजी, संगीतला गॅट्सबी थीम ठेवलीय. तू पण तसंच काहीतरी घालायचं हं."

मी विचारलं, "हा गॅट्सबी कोण गं? मुलाकडचा का?"

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. मग तिने मागवलेल्या झग्याचा फोटो पाठवला. काळा झगा, गुडघ्याच्याही वर, त्याला तीन मजली झालर, सगळीकडे चमचम. कपाळावर पट्टी आणि त्यात खोचलेलं पीस. खाली लिहिलं होतं, "शंभर वर्षांपूर्वीची फ्लॅपर फॅशन आहे, आजी."

शंभर वर्षांपूर्वीची म्हटल्यावर माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. चौतीस वर्षं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्यात. कुणी सन सांगितला की तो तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. (निवृत्त होऊनही हा रोग बरा झालेला नाही.) मग काय, वाचायला बसले. नातवाने संग्रहालयांतल्या झग्यांचे फोटो मोठे करून कसे बघायचे ते शिकवलं. चष्मा पुसून पुसून मी शिलाई बघत बसायची. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही स्वतःच शिवणार आहात की काय?"

झगा शिवायचा नव्हताच. पण या वाचनातून दुसरंच काहीतरी उसवलं. ते सांगायलाच आज बसलेय. आधी झगा, मग ते.

तर पहिली गोष्ट, तो आखूड झालरीचा झगा. 'द ग्रेट गॅट्सबी' ही फिट्झजेराल्डची कादंबरी १९२५ सालची, पण त्यातली गोष्ट घडते १९२२ च्या उन्हाळ्यात. २०१३ साली तिच्यावर मोठा सिनेमा आला, त्यात एका छोट्या भूमिकेत आपले अमिताभ बच्चनही आहेत. खऱ्या १९२२ साली मात्र बायकांचे झगे पोटरीच्या खाली, काही तर घोट्याजवळ पोचणारे होते. ते गुडघ्यापर्यंत चढले १९२६-२७ च्या सुमारास, आणि १९२९ संपता संपता पुन्हा खाली उतरले. म्हणजे आखूड झग्यांचं राज्य जेमतेम तीन-चार वर्षांचं. झालरी असायच्या, नाही असं नाही. पण संध्याकाळच्या झग्याचा खरा थाट होता तो मण्यांचा.

नातीला हे सांगितलं तर म्हणते, "आजी, कोणी सन विचारत नाही गं नाचताना." खरं आहे तेही.

आता या फ्लॅपर मुली म्हणजे कोण? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातली बरी परिस्थिती असलेली बाई कॉर्सेटमध्ये आवळलेली असायची. पोलादी नाहीतर देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या घातलेला तो पिंजरा, मागून नाडीने करकचून बांधायचा. पॅरिसच्या पॉल प्वारे नावाच्या शिंप्याने १९०६ च्या सुमारास पिंजऱ्याशिवायचे कपडे करायला सुरुवात केली. पण पिंजरा खरा मोडला पहिल्या महायुद्धात. पुरुष आघाडीवर गेले, आणि बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात, ट्रामवर, कचेऱ्यांत कामाला लागल्या. तिथे वाकायचं, धावायचं, उचलायचं असतं. एकट्या फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त सैनिक त्या युद्धात गेले. ज्यांची लग्नं त्या मुलांशी व्हायची, त्या मुली मागे राहिल्या. युद्ध संपल्यावर त्यांना कोणी म्हणालं असतं, 'चला, आता पुन्हा नाड्या बांधा', तर त्या कशाला ऐकतील?

त्यांनी नाड्या सोडल्या, केस कापले, सिगरेटी ओढल्या, जॅझच्या तालावर नाचल्या. पॅरिसमध्ये अशा मुलीला 'गार्सोन' म्हणायचे, म्हणजे मुलगी असून मुलासारखी. व्हिक्टर मार्गरित यांनी १९२२ साली अशाच एका मुलीवर 'ला गार्सोन' ही कादंबरी लिहिली, आणि त्यापायी सरकारने त्यांचा 'लीजन ऑफ ऑनर' हा किताब काढून घेतला. इंग्लंडमध्ये १९१८ साली मताधिकार मिळाला तो तिशी ओलांडलेल्या बायकांना. एकवीस वर्षांच्या मुलींना तो मिळायला १९२८ उजाडलं, आणि वर्तमानपत्रांनी त्याला कुचेष्टेने 'फ्लॅपर व्होट' म्हटलं. ज्या पॅरिसने या मुलींना कपडे दिले, त्या फ्रान्समध्ये तर बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली! झगा आखूड झाला म्हणजे सगळंच मिळालं असं नसतं.

झग्याची बेतणी अगदी सोपी. उशीचा अभ्रा घ्या, त्याला गळा आणि हातांसाठी भोकं पाडा, आणि कमरेची रेघ खाली ओटीपोटाच्या हाडापाशी आणा. झाला झगा. छाती नाही, कंबर नाही, सगळं सरळ. डोक्यावरून घालायचा. अमेरिकेत स्क्रँटन गावी बायकांना पत्राने शिवणकाम शिकवणारी एक संस्था होती. तिथल्या मेरी ब्रुक्स पिकेन बाईंनी 'एका तासात होणारा झगा' अशी पुस्तिकाच काढली. मला या बाई फार आवडल्या. घरबसल्या, टपालाने, खेड्यापाड्यातल्या बायकांना शिवण शिकवायचं म्हणजे शिक्षिकेचंच काम की! पॅरिसच्या बाईने घातलेल्या झग्याची बेतणी गावातल्या मुलीला स्वतःच्या मशीनवर जमू लागली, हे त्या काळातलं मोठंच नवल होतं.

पण कापड असं सरळसोट झालं की करायचं काय त्यावर? सुरकुत्या नाहीत, चुण्या नाहीत. समोर कोरी पाटी. मग त्या पाटीवर मण्यांनी लिहायला सुरुवात झाली. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेनची कबर सापडली, आणि झग्यांवर कमळं, गरुडाचे पंख, इजिप्तची चित्रं आली. १९२५ साली पॅरिसला सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, ज्याच्या नावावरून आपण 'आर्ट डेको' म्हणतो. त्यातल्या कोनांच्या, पायऱ्यांच्या, सूर्यकिरणांच्या नक्ष्या झग्यांवर उतरल्या.

हे मणी काचेचे. त्यातले खूपसे यायचे चेकोस्लोव्हाकियातल्या याब्लोनेत्स गावच्या परिसरातून, काही व्हेनिसजवळच्या मुरानोहून. याब्लोनेत्स म्हणजे काचेच्या बांगड्यांचंही गाव. तिथल्या बांगड्या त्या काळी जहाजं भरभरून हिंदुस्थानात यायच्या. साधे गोल मणी, नळीसारखे लांबट मणी, आणि टिकल्या. ते सगळं लावायचं कशावर? तर रेशमी शिफॉनवर, जॉर्जेटवर, नाहीतर जाळीवर. फुंकर मारली तर उडेल असं कापड आणि त्यावर दोन-दोन, तीन-तीन किलोचे मणी! खांद्यावर दोन अरुंद पट्ट्या, त्यांनी तो सगळा भार पेलायचा. म्हणून संग्रहालयात हे झगे हँगरला टांगत नाहीत, पेटीत आडवे निजवून ठेवतात. टांगला तर स्वतःच्याच वजनाने फाटतो. त्यात त्या काळच्या रेशमाला जड आणि सळसळतं करण्यासाठी धातूचे क्षार पाजायची पद्धत होती. त्या क्षारांनी आता ते रेशीम ठिसूळ होऊन घडीवर तुटतं.

टिकल्यांची तर आणखीच कथा. त्यातल्या कित्येक जिलेटिनच्या असायच्या. जिलेटिन म्हणजे जेलीत घालतात तेच. पाणी लागलं की विरघळणार, ऊब लागली की मऊ होणार. चार्ल्सटन नाचून अंग घामाघूम झालं, पाठीवर जोडीदाराचा गरम हात टेकला, की टिकल्या मऊ पडून एकमेकींना चिकटायच्या. असा झगा धुता येत नाही, इस्त्री करता येत नाही. आपल्या पावसाळ्यात तर एका श्रावणात त्याचा गोळा व्हायचा.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते हे मणी लावायचे कसे याने. सुईने एकेक मणी शिवत बसलं तर म्हातारपण येईल. फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात ल्युनेव्हिल नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक पद्धत निघाली. कापड चौकटीवर ताणून बसवायचं, पण उलटी बाजू वर ठेवून. मणी आधीच दोऱ्यात ओवलेले. ते कापडाच्या खालच्या बाजूला, डाव्या हातात. उजव्या हातात टोकाला बारीक आकडा असलेली दाभणासारखी सुई. वरून आकडा खुपसायचा, खालचा दोरा पकडून वर खेचायचा, एक मणी सरकवायचा, पुन्हा खुपसायचा. वर दिसतो साखळी टाका, मणी सगळे खाली. म्हणजे काम करणाऱ्या मुलीला दिवसभर फक्त उलटी बाजू दिसायची. सुलट बाजू कशी झाली हे चौकट पालथी केल्यावरच कळायचं.

हे वाचताना मी थांबलेच. अहो, ही तर आपली आरी! आणि खरंच तसं आहे. कच्छमधले मोची ज्या आरीने चामड्यावर टाके घालत, त्याच आरीने ते पुढे कापडावर साखळी टाक्याचं भरतकाम करू लागले. पूर्वेकडून ही कला अठराव्या शतकात युरोपात पोचली आणि दरबारी बायकांचं वेडच झाली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मादाम द पाँपादूरचं एक मोठं चित्र आहे, द्रुए या चित्रकाराने १७६३-६४ साली काढलेलं. त्यात बाईसाहेब चौकटीसमोर बसून हेच काम करतायत. तिथून दीडशे वर्षांनी फ्लॅपर मुलींच्या अंगावरचे मणी त्याच टाक्याने बसले.

साखळी टाक्याची एक खोड तुम्हाला ठाऊक असेल. भराभर होतो, दिसतो सुरेख, पण दोरा एका ठिकाणी तुटला आणि नको ते टोक ओढलं गेलं, की अख्खी ओळ सरसर उसवत जाते. त्या काळच्या नाचघरांतल्या जमिनीवर किती मणी घरंगळले असतील!

आणि हे काम करत कोण होतं? झग्याच्या आत चिठ्ठी असते ती शिंप्याच्या पेढीची. शनेल, व्हिओने, पातू, लांव्हँ. भरतकाम मात्र वेगळ्याच पेढ्यांत होत असे. १९२४ साली आल्बेर लसाज यांनी मिशोने नावाची अशी एक जुनी पेढी घेतली आणि व्हिओने बाईंच्या तिरक्या कापाच्या झग्यांवर भरतकाम करून दिलं. आणखी एक पेढी होती 'कितमीर' नावाची. ती काढली रशियाच्या झारच्या चुलत बहिणीने, मारिया पाव्हलोव्हनाने. १९१७ च्या क्रांतीत सगळं गमावून ती पॅरिसला आली. एकदा शनेलच्या दुकानात शनेल आणि एक भरतकामवाली यांची पैशांवरून घासाघीस चालली होती. ती ऐकून हिने सांगितलं, मी कमी पैशांत करून देईन. तोवर हिला भरतकामाचं मशीन चालवता येत नव्हतं! मग ती साध्या कामगार मुलींच्या शेजारी बसून मशीन शिकली आणि १९२१ साली तिने पेढी काढली. निर्वासित रशियन मुलींना तिथे काम मिळालं. १९२५ च्या प्रदर्शनात कितमीरला पदकही मिळालं. पण भरतकामाची लाट ओसरली आणि १९२८ साली पेढी विकावी लागली.

मारिया राजघराण्यातली, म्हणून तिचं नाव राहिलं. तिने आत्मचरित्र लिहिलं. पण तिच्या शेजारच्या चौकटीवर बसलेल्या मुलींचं काय? संग्रहालयाच्या माहितीत झग्याचं कापड कळतं, साल कळतं, शिंपी कळतो, कधी कधी तो कोणी घातला होता तेही कळतं. मणी कोणी लावले, तो रकाना रिकामाच.

इथपर्यंत मी मजेत वाचत होते. मग केसांवर आले.

या फॅशनमध्ये झग्याइतकंच महत्त्व केसांना. डोक्याला घट्ट बसणारी घंटेसारखी टोपी होती, तिच्यात लांब केस मावतच नसत. केस कापणं हा त्या मुलींचा बंडाचा झेंडाच होता. अमेरिकेत बायकांचे केस विंचरणाऱ्या दुकानांनी कापायला नकार दिला, तर मुली सरळ पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन बसल्या. न्हाव्याच्या खुर्चीत, आपण होऊन. १९२० साली याच विषयावर फिट्झजेराल्डने एक कथाही लिहिली.

१९२०. मी डोळे मिटले आणि मला मोठी आत्या दिसली.

माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्म १९०९ चा. दहाव्या वर्षी लग्न झालं, बाराव्या वर्षी नवरा प्लेगने गेला. म्हणजे १९२१. न्हाव्याला घरी बोलावलं, मागच्या पडवीत बसवलं, आणि तिचे केस काढले. तेव्हा वडील पाच वर्षांचे होते. ते सांगायचे, "माझी ताई कुठे गेली म्हणून मी घरभर शोधत होतो, आणि ती समोरच बसली होती."

त्याच वर्षांत तिकडे मुली हसत हसत केस कापत होत्या. कात्री तीच. मी ही सनावळी आयुष्यभर दोन वेगळ्या वह्यांत ठेवली होती. पहिलं महायुद्ध आणि नंतरचं जग एका वहीत, मोठी आत्या दुसऱ्या. एकाच पानावर दोन्ही आले तेव्हा मला फोन बाजूला ठेवावा लागला.

मी पाहिली तेव्हा आत्या चाळिशी ओलांडलेली. केस काढणं बंद झालेलं. डोक्यावरच्या पदराखाली आखूड पांढरे केस. लहानपणी मला वाटायचं, आत्याची फॅशनच तशी आहे! दुपारची मागची आवरासावर झाली की ती माजघरात खिडकीशी बसायची. पितळी ताटलीत काचेचे मणी, बारीक सुई आणि दोरा. मण्यांचे पोपट, मण्यांचा सारीपाट, तोरणं, समईखालची आसनं. नक्षी कुठे काढलेली नसायची, सगळी डोक्यात. ओठ हलत असायचे. मला वाटे जप करतेय. एकदा कान देऊन ऐकलं तर ती मोजत होती, "तीन तांबडे, एक पांढरा, तीन तांबडे..." गावातल्या प्रत्येक लग्नाच्या रुखवतात तिच्या हातचं काहीतरी असायचंच. ती स्वतः मात्र कुठल्याही मांडवात पुढे आली नाही.

१९७४ साली माझं लग्न झालं. आत्याने माझ्यासाठी मण्यांचा बटवा केला. मोरपिशी जमिनीवर पांढरा मोर, तोंडाशी गोफ. सहा महिने करत होती. रुखवतात तो मधोमध मांडला होता. सासरच्या बायका बघायला आल्या तेव्हा एकीने बटवा उचलून विचारलं, "अगंबाई, हे कोणी केलं?" आमच्या नात्यातल्या एका बाईंनी पटकन उत्तर दिलं, "आमच्या धाकट्या काकूंनी." धाकटी काकू सवाष्ण. तिला मणी ओवता येतात की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी तिथेच उभी होते. बी. ए. झालेली, नोकरीला लागलेली, वर्गात मुलांना सावित्रीबाई आणि कर्वे शिकवणारी. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. बटवा बाजूला काढून ठेवतील, लग्नात विघ्न नको, असं काहीबाही मनात आलं. आणि मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत आत्या बसली होती. तिला ऐकू गेलं का? तिने मला कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना मी पाया पडले तर नेहमीसारखाच गालावरून हात फिरवला. १९८६ साली ती गेली. तिच्याजवळ हा विषय मी कधी काढला नाही. पन्नास वर्षं झाली, पण कोणी 'हे कोणी केलं' असं विचारलं की मला अजून ते दार आठवतं.

बटवा माझ्याकडे आहे. या वाचनानंतर कपाटातून काढला. दोरा कुजलाय. उचलला तसे दहा-बारा मणी पलंगावर सांडले. आत्याचं काम साखळी टाक्याचं नव्हतं, ती प्रत्येक ओळीत दोरा दोनदा फिरवायची. म्हणून अख्खा उसवला नाही. उसवला तेवढाच कोपरा मी बसून ओवला. चार दिवस लागले, दोनदा चुकले. "तीन तांबडे, एक पांढरा" माझ्याही तोंडी आलं. मोजताना लक्षात आलं, मोराच्या पंखात एका जागी तिचीसुद्धा एक चूक आहे. पांढऱ्याच्या जागी तांबडा. ती तशीच ठेवली.

माझे यजमान जाऊन आता आठ वर्षं झाली. मी रंगीत साड्या नेसते, टिकली लावते, समारंभात पुढे बसते, कोणी काही म्हणत नाही. तरी या संगीताच्या वेळी मनात पाल चुकचुकलीच, या वयात चमचमणारं काही घालावं का? तेव्हा मला बडोद्याच्या इंदिराराजे आठवल्या. सयाजीराव महाराजांची मुलगी, कूचबिहारची महाराणी. १९२२ साली, तिशीत विधवा झाल्या. शिफॉनच्या साड्यांची चाल त्यांनी पाडली असं सांगतात. आत्याची आणि त्यांची वैधव्याची वर्षं एका वर्षाच्या अंतराने. एकीने पांढऱ्या शिफॉनची फॅशन केली, फेरागामोकडून हिरे-मोती जडवलेले बूट करून घेतले. दुसरी लाल आलवणात माजघरात मणी मोजत बसली. पैसा आणि घराणं यांनी काय फरक पडतो तो असा. पण हौस दोघींचीही सारखीच असणार. आत्याला हौस नसती तर पोपटाच्या चोचीला वेगळा लाल मणी शोधत ती दिवस दिवस बसली असती का?

आणखी एक गोष्ट वाचून बरं वाटलं. ३० मार्च २०२३ ला दिओर या पॅरिसच्या पेढीने आपला सोहळा मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर केला. कपड्यांवरचं भरतकाम मुंबईच्या चाणक्य या पेढीतल्या कारागिरांचं, आणि समोर उभारलं होतं एक प्रचंड तोरण, भरतकामाचं. तोरण! पॅरिसच्या झग्यांवरचं असं कितीतरी काम आता मुंबईतल्या अड्ड्यांवर होतं. आरी फिरून घरी आली म्हणायची. त्या सोहळ्यात कारागिरांच्या कामाचं जाहीर कौतुक झालं. अजून पुष्कळ व्हायचंय, पण झालं.

तर आमच्या घरातला निर्णय असा. नात तिचा काळा झगा घालणार आहे, सन चुकीचा असला तरी! मी मोतिया रंगाची शिफॉन नेसणार आहे, तिला बारीक मण्यांची किनार आहे. सूनबाईनेच आणलीय. नातीच्या हातात पाकीट-बिकीट नको, तिने आत्याचा बटवा घ्यायचाय. हे तिनेच मागून घेतलं. लग्नाच्या दिवशी बटवा रुखवतात मधोमध राहील, आणि त्याच्यापाशी एक कार्ड असेल, माझ्या हस्ताक्षरात. कोणी केला, कधी केला.

कार्ड लिहायला बसले तर पेच पडला. नाव कोणतं लिहायचं? सासरचं नाव तिने जेमतेम दोन वर्षं लावलं, आणि त्या नावापायीच तिचं सगळं गेलं. घरात तर नावाने कोणी हाक मारलेलीच मला आठवत नाही. ती सगळ्यांची मोठी आत्या. धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आजोबांच्या वहीत तिचं माहेरचं नाव आहे. जन्माची वेळसुद्धा आहे." वहीच्या पानाचा फोटो त्याने लगेच पाठवला.

तेच लिहिलंय. इथे मात्र देत नाही. आधी ते रुखवतावर वाचलं जाऊ दे, सगळ्यांसमोर, मोठ्याने. ते मीच वाचणार आहे.